तोंडओळखीचे गाव

मराठीत 'तोंडओळख' हा फार उपयोगी शब्द आहे. मैत्रीहून तो पुष्कळ कमी सांगतो आणि अनोळखीपणाहून पुष्कळ जास्त. ज्याची तोंडओळख आहे त्याचे आडनाव आपल्याला ठाऊक असेलच असे नाही, त्याच्या घरी आपण कधी गेलेलो नसतो; पण तो चार दिवस दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे होते. गिरगावात राहणाऱ्या माणसाला आपल्या वस्तीचा एवढा लळा का लागतो, याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा याच शब्दापाशी यावे लागते. शहरातल्या वस्तीवरचे प्रेम हे मुळात तोंडओळखीवरचे प्रेम असते, असे मला वाटते. ही तोंडओळख केवळ माणसांच्या चांगुलपणातून उगवत नाही. घराच्या उंबऱ्यापासून हमरस्त्यापर्यंतची वाट जशी असेल तशी ती होते किंवा होत नाही. म्हणून वस्ती बदलायची वेळ येते तेव्हा घरांइतकाच या वाटेचा विचार व्हायला हवा.

गिरगावकराला त्याच्या वस्तीबद्दल विचारले तर तो आधी इतिहास सांगेल, आणि सांगण्यासारखे त्याच्याकडे खूप आहे. 1893 साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. 3 मे 1913 रोजी इथल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला आणि 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागून हिंदुस्थानातला चित्रपट बोलू लागला. 1920 साली लोकमान्यांना अखेरचा निरोप दिला गेला तो गिरगाव चौपाटीवरच. 1935 साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ केळेवाडीत आहे. या साऱ्याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण अभिमान वेगळा, जिव्हाळा वेगळा. अभिमान पाहुण्याला बोटाने दाखवता येतो. जिव्हाळा रोजच्या जाण्यायेण्यातून मुरत जातो. मॅजेस्टिक पाडले गेले, कोरोनेशन नेमके कुठे होते हे आज फारच थोड्यांना दाखवता येईल, तरी गिरगावकराचा गिरगावावरचा जीव त्यामुळे कमी झालेला नाही. ज्याच्या जाण्याने जिव्हाळ्याला धक्का लागत नाही, ते त्याचे मूळ असू शकत नाही. मूळ शोधायचे तर रोजच्या वाटेवरच शोधले पाहिजे.

ही वाट वाडीतून जाते. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे ऐकली तरी इथे एके काळी काय पिकत होते ते कळते. बागा गेल्या, चाळी उभ्या राहिल्या, पण वाडीचा आकार पुष्कळसा तसाच राहिला: रस्त्याला उघडणारे एक अरुंद तोंड, फार तर दोन, आणि आत दोन्ही बाजूंना घरे. वाडीत राहणाऱ्या प्रत्येकाला दूध आणायला, नोकरीला, देवळात, दवाखान्यात जायचे तर त्या तोंडातूनच बाहेर पडावे लागते आणि तिथूनच परत यावे लागते. तोंडाशी वाणी असतो, इस्त्रीवाला असतो, सकाळी पेपर मांडून बसलेला असतो, भाजीची पाटी असते. ही माणसे कोणी मुद्दाम लक्ष ठेवायला बसवलेली नाहीत. ती आपापल्या पोटासाठी बसलेली आहेत, आणि त्यांच्या समोरून तीच माणसे दिवसातून चार वेळा जातात. काही महिन्यांत चेहरा बसतो, वर्षभरात सवयी कळतात, दहा वर्षांत तीन पिढ्या ठाऊक होतात. यात कोणी कोणावर उपकार करत नाही, म्हणूनच ही ओळख टिकते.

चाळीत शिरले की हेच पुढे चालू राहते. जिना एक, आणि प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या दारांसमोरून जाणारी एकच लांब गॅलरी. जेमतेम दोन माणसे एकमेकांना अंग चोरून ओलांडतील एवढी तिची रुंदी. कठड्याच्या लाकडाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोपरांनी आलेली एक गुळगुळीत झिलई असते. वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात तुळस, दाराबाहेर चपला. शेवटच्या खोलीतल्या माणसाला आधीच्या सगळ्या दारांवरून जावे लागते, आणि दारे दिवसा उघडी असतात. मग जाता जाता एक शब्द पडतोच: "काय, निघालात?" हा प्रश्न नीट पाहावा. निघालेला माणूस निघाला आहे हे डोळ्यांना दिसतेच आहे, तेव्हा माहितीसाठी तो विचारलेला नाही. 'तुम्ही दिसलात' एवढीच पावती त्यात आहे. "हो, येतो जरा" या उत्तरातही माहिती काही नसते. आणि 'कुठे' असे सहसा विचारत नाहीत. निघालेल्याला 'कुठे' विचारले तर कामाला नाट लागते, असे जुने लोक सांगतात. त्या समजुतीत मला शेजारधर्माचे मोठे शहाणपण दिसते. पाहावे, पण खोदू नये. दखल घ्यावी, पण हिशेब मागू नये. तोंडओळखीची सगळी मर्यादा त्या एका न विचारलेल्या शब्दात आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सारे चाळीचे गोडवे आहेत आणि चाळीत राहण्याचे हाल गाणाऱ्याला सोसावे लागत नाहीत. आक्षेप गंभीर आहे आणि त्यातले वास्तव जराही नाकारता येत नाही. 10 बाय 12 च्या खोलीत सहा-सात माणसांनी संसार करायचा, आजारपणातही मजल्याच्या टोकाच्या सामाईक संडासापर्यंत चालत जायचे, तिथे रांगेत उभे राहायचे, पावसाळ्यात छताखाली बालद्या लावायच्या, यात रमण्यासारखे काही नाही. इमारती मोडकळीला आल्या त्यालाही कारणे आहेत. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. 1969 च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर आला, मंडळ आले, तरी लाकूड आणि लोखंड म्हातारे होत राहिले ते राहिलेच. अशा घरातून बाहेर पडू पाहणाऱ्याला 'थांब, आमचा जिव्हाळा मोडेल' असे सांगण्याचा हक्क कोणालाही नाही.

पण तोंडओळख ही हालअपेष्टांचीच मुलगी आहे, असे मात्र म्हणता येत नाही. पुरावा गिरगावातच आहे. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी स्वतंत्र घरे आहेत: बाहेरून चढणारे लाकडी जिने, कोरीव कठडे, पुढे पडवी. प्रत्येकाला आपले दार, आपले स्वयंपाकघर, आपली न्हाणी. तिथे सामाईक नळ नाही, खोल्यांची दाटी नाही, तरी ओळखीची वीण तशीच आहे. चाळीत आणि या घरांत समान काय आहे ते पाहिले तर दोनच गोष्टी हाती लागतात: पायी चालायची अरुंद गल्ली, आणि घर व गल्ली यांच्या मधली, धड आतही नाही आणि धड बाहेरही नाही अशी जागा. कुठे तिला गॅलरी म्हणतात, कुठे पडवी, कुठे ओटा. त्या जागेत बसलेला माणूस आपल्या घरीच असतो आणि तरी वस्तीतही असतो. म्हणजे जे जपायचे आहे ते गळके छप्पर नाही, ही मधली जागा आहे. छप्पर बदलूनही ती राखता येते.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. ज्या डोळ्यांना मी पावती म्हणते आहे ते डोळे पहारासुद्धा करतात. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला, वेगळ्या जातीत लग्न केलेल्या जोडप्याला, एकट्या राहणाऱ्या बाईला हा पहारा चांगलाच जाणवतो. अनेक वाड्या जातीजातींनी वसलेल्या होत्या, आणि भाड्याने खोली मागायला आलेल्याला आधी आडनाव विचारले जाई, हेही खरे. शहर हे अशा गावकीतून सुटण्यासाठीच असते, असे कोणी म्हणाले तर त्याचे बरोबर आहे. खेड्यात ज्याला नावानिशी ओळखून बाजूला बसवले, त्याच्यासाठी मुंबईच्या गर्दीतला अनोळखीपणा हीच पहिली मोकळीक ठरली. हे मान्य करूनही माझे म्हणणे उरते. गावकी आणि तोंडओळख या एक नव्हेत. गावकीला तुमचे कूळ हवे असते. तोंडओळखीला तुमचा चेहरा पुरतो. वाडी जातीची असली तरी ठाकूरद्वारचा नाका कोणत्याच जातीचा नाही. फूटपाथवर, बस थांब्यावर, चर्नी रोड स्टेशनच्या जिन्यावर, चौपाटीच्या वाळूत मराठी, गुजराती, मारवाडी, ख्रिस्ती असा सगळा समाज एकमेकांना तोंडावरून ओळखू लागतो. आत वाडी आणि बाहेर रस्ता, या दोन्हींची एकमेकांवर मर्यादा राहते. वाडी बंद झाली तर गावकी माजते, आणि रस्ता नुसता गाड्यांचा झाला तर कोणी कोणाचे राहत नाही. पहाऱ्यावर उपाय म्हणजे दार लावून घेणे नव्हे. ज्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे असा मोकळा रस्ता हाच त्यावरचा उपाय.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. सामान फोनवरून घरी येते, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, दाराशी कॅमेरा असतो. मग तोंडाशी बसलेल्या वाण्याची गरज काय? सोयींचे मोल मोठे आहे, विशेषतः ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांना. पण ग्रुपवर तोच दिसतो जो लिहितो. जो लिहायचा थांबला, त्याचे थांबणे कोणाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर मात्र न दिसणेही दिसते. याचा पुरावा दूरच्या एका शहराने फार मोठी किंमत देऊन दिला. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि 700 हून अधिक माणसे गेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी पुढे शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. जिथे दुकाने चालू होती, फूटपाथवर वर्दळ होती, तिथले वृद्ध घराबाहेर पडत राहिले आणि तिथे मृत्यूंचे प्रमाण फार कमी राहिले. जिथे रस्ते ओस पडले होते तिथे म्हातारी माणसे दारे लावून आत बसली आणि तशीच गेली. तोंडओळख हा निव्वळ भावनेचा विषय नाही, जीव वाचवणारी व्यवस्था आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? गिरगावातही आता एकटे म्हातारपण वाढते आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली सुमारे 33 लाख 38 हजार होती, ती 2011 साली सुमारे 30 लाख 85 हजारांवर आली. मुले डोंबिवलीला, बोरिवलीला, परदेशी गेली; आईवडील खोली सोडायला तयार नाहीत. हट्टीपणा म्हणून त्यांना नावे ठेवण्याआधी ते काय सोडायला तयार नाहीत, हे पाहिले पाहिजे. सत्तरीनंतर माणसाला नवे घर मिळू शकते. सकाळी आपला जिना उतरण्याचा आवाज ओळखणारी माणसे नव्याने मिळवायला मात्र उरलेले आयुष्य पुरत नाही.

वस्तीला हे शब्दांत मांडता येत नसले तरी नीट कळते. मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती जायची वेळ आली तेव्हा रहिवाशांचा आग्रह होता की घर द्यायचे तर इथेच द्या, आणि त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचे ठरले. दूरच्या उपनगरात कदाचित मोठी जागा मिळाली असती. लोकांनी मागितला तो शेजार. आता मेट्रो धावू लागली आहे आणि पुनर्विकासाचा वेगही वाढणार आहे. उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळावे, असा नियम आहे. ते मिळालेच पाहिजे, स्वतःच्या संडास-न्हाणीसह मिळाले पाहिजे, वेळेवर मिळाले पाहिजे. पण नियम चौरस फूट मोजतो तो दाराच्या आतला. खाली चार-पाच मजले गाड्यांसाठी, रस्त्याच्या कडेला दुकानांऐवजी कोरी भिंत, लिफ्टमधून थेट गाडीत आणि गाडीतून थेट फाटकाबाहेर, अशी वाट आखली तर तीनशेचे सहाशे फूट मिळाले तरी माणूस आपल्याच वस्तीत परका होतो. आणि तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेली दुकाने ठेवली, जुनी गल्ली बुजवली नाही, मजल्यावर बसता येईल एवढी मोकळी गॅलरी आणि जिन्यापाशी उजेड ठेवला, तर वीस मजल्यांच्या इमारतीतही तोंडओळख रुजू शकते. यासाठी लागणारा खर्च फार मोठा नाही. तो कोणी मागितलेलाच नसतो, म्हणून होत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती उद्या नव्या इमारतीचा नकाशा येईल त्यांना एक विनंती. आपल्या खोलीच्या जागी कोणता फ्लॅट, त्याला खिडक्या किती, हे जरूर पाहावे. मग बोट आपल्या दारावर ठेवावे आणि रस्त्यापर्यंतची वाट सावकाश काढून पाहावी. त्या वाटेवर कोण बसलेले असेल, कोणाचे दार लागेल, कोणते दुकान लागेल, ते मोजावे. सकाळी पायात चपला सरकवून निघालेल्या माणसाला "काय, निघालात?" असे म्हणणारे वाटेत एक जण जरी भेटणार असेल, तर गिरगाव नव्या भिंतींतही गिरगाव राहील. एकही भेटणार नसेल, तर सही करण्याआधी तो नकाशा परत पाठवावा.