गाळांतील मुकुट

प्रयोगशाळेंत अपेक्षित पदार्थ हातीं आला, कीं विद्यार्थी हर्षित होतो, आणि भांड्याच्या तळाशीं उरलेला गाळ मोरींत ओतून मोकळा होतो. तो टाकण्यापूर्वीं क्षणभर न्याहाळावा, असें मी वर्गांत वारंवार सांगत असतों. या सांगण्यामागें एका रसायनशास्त्रज्ञाचें चरित्र आहे.

चार्ल्स पेडर्सन यांचा जन्म १९०४ सालीं कोरियांतील पुसान येथें झाला. वडील नॉर्वेचे, आई जपानी. आठव्या वर्षींच घर सोडून ते नागासाकीच्या कॉन्व्हेंट शाळेंत गेले, व नंतर योकोहामाच्या मिशनरी विद्यालयांत शिकले. पुढें अमेरिकेंत पदव्युत्तर पदवी घेऊन १९२७ सालीं ते ड्यूपाँ कंपनींत रुजू झाले. डॉक्टरेट त्यांनीं कधींच मिळविली नाहीं.

१९६२ सालीं ते वॅनेडियम धातूस धरून ठेवील असा रेणू बनवूं पाहत होते. वापरलेल्या एका द्रव्यांत सुमारें १० टक्के भेसळ होती, व ती त्यांस ठाऊक होती. क्रियेअंतीं हातीं आला तो तपकिरी, चिकट लगदा. त्यांत मात्र थोडे रेशमासारखे शुभ्र स्फटिक चमकत होते. त्यांचें उत्पन्न अवघें ०.४ टक्के! पेडर्सन यांनीं ते टाकून दिले नाहींत. मेथिल मद्यार्कांत हे स्फटिक जवळजवळ विरघळत नसत. पण सोडियमचा क्षार घालतांच ते विरघळूं लागले. असें कां व्हावें?

उत्तर रेणूच्या आकारांत होतें. तो होता १८ अणूंचें एक कडें. त्यांत १२ अणू कर्बाचे व ६ प्राणवायूचे. प्राणवायूचे अणू किंचित् ऋणभारित असल्यानें मधल्या पोकळींत धनभारित धातुकण धरून ठेवितात. कासार मनगट पाहून बांगडी निवडतो, तसाच हा प्रकार आहे. या कड्यांत पोटॅशियम नेमका बसतो. सोडियमला त्याहून लहान कडें अधिक मानवतें. धातुकणाच्या मस्तकीं मुकुट शोभावा तसें तें दिसलें, म्हणून पेडर्सन यांनीं या वर्गास 'क्राउन' हें नांव दिलें. विहिरींत टाकावयाचें पोटॅशियम परमँगनेट बेंझीनमध्यें विरघळत नाहीं. परंतु असें कडें घातलें, कीं बेंझीन जांभळें होतें.

हा शोध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. १९८७ सालीं डोनाल्ड क्रॅम व ज्याँ-मारी लेन यांजसह पेडर्सन यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां ते ८३ वर्षांचे होते. अशाच कड्यांच्या एका जोड-रेणूच्या साह्यानें अमेरिकेंतील सॅव्हाना नदीकांठच्या अणुकेंद्रांत २००८ सालीं किरणोत्सर्गी कचऱ्यांतून सीझियम वेगळें काढण्यास आरंभ झाला. ज्या द्रावणास मनुष्यानें हातही लावूं नये, त्यांतून हा चिमुकला रेणू नेमका घातक कण उचलून घेतो.

"गुरुजी, पुस्तकांतल्यापेक्षां निराळें उत्तर आलें तर वहींत काय लिहावें?" असें एका विद्यार्थिनीनें मला एकदां विचारलें. "जें दिसलें तेंच," इतकेंच मीं सांगितलें. गुणांच्या लोभानें दिसलें तें लपवून हवें तें लिहिण्याची संवय एकदां जडली, कीं डोळे असून दृष्टि जाते. पेडर्सन यांनीं त्या दिवशीं वहींत फक्त 'प्रयोग फसला' असें लिहिलें असतें, तर कोणीहि त्यांस दोष दिला नसता; तो मुकुट मात्र गाळांतच राहिला असता.

बालमित्रांनो, वही प्रामाणिक ठेवा. आणि पालकांनो, घरीं वही पाहतांना उत्तराबरोबर मुलानें काय पाहिलें, हेंहि अवश्य विचारा.