न आटणारं शेततळं

आमच्या धंद्यातली मोठी अडचण म्हणजे केलेलं काम दाखवता येत नाही. डाळिंबाची बाग दाखवता येते, बांधलेलं घर दाखवता येतं. प्रोग्रॅम मात्र... असो. अण्णा अजून विचारतात, "नक्की करतोस काय रं तू पुण्यात?"

तसे प्रयत्न झालेत. २००८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लुगानो विद्यापीठात रिचर्ड वेट्टेल आणि मिकेले लान्झा यांनी 'कोडसिटी' केलं. अख्खा प्रोग्रॅम एखाद्या शहरासारखा दिसतो. प्रत्येक क्लास म्हणजे एक इमारत. मेथड्स जितक्या जास्त तितकी ती उंच. पॅकेज म्हणजे एकेक पेठ. एखादा टोलेजंग मनोरा दिसला की सगळं काम एकाच्याच गळ्यात पडलंय हे चटकन कळतं. मला फार आवडलं होतं ते. पण अण्णांना त्यात नुसत्या इमारती दिसणार. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी नियम, आणि ते काही तिथे दिसत नाहीत.

ते दिसले माइनक्राफ्टमध्ये. सांगोल्यातला पुतण्या आणि पुण्यातली माझी लेक, दोघं मिळून त्यात आपलं सांगोला बांधतायत. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. तिने इथे भिंत रचली की त्याला तिथे लगेच दिसते. गंमत म्हणजे चित्र इकडून तिकडे जातच नाही. अमुक जागी अमुक ठोकळा ठेवला, एवढाच निरोप सर्व्हरमार्फत जातो आणि चित्र ज्याचा त्याचा कॉम्प्युटर काढतो. भजनात बुवांनी नुसती सुरुवात करून दिली की पुढचं सगळ्यांना पाठच असतं, तसं काहीसं.

तर त्यांनी बाग लावली. माइनक्राफ्टमध्ये डाळिंब नाही, म्हणून ओकची झाडं. त्यांना निदान सफरचंदं तरी लागतात! शेजारी शेततळं. आणि इथे लेकीला एक युक्ती सापडली. दोन बाय दोनचा खड्डा घ्यायचा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतायचं. खड्डा भरतो आणि मग कितीही उपसा, आटत नाही. कारण शेजारी दोन झरे असले की मधल्या जागी तिसरा आपोआप तयार होतो, असा नियमच लिहिलाय.

मे महिन्यात सांगोल्याला गेलो तेव्हा अण्णा हे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आरं, पानी संपतच न्हाई तर ताण कसा द्यायचा बागंला?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड ताणावर पडलं, पानं गळाली, की मग छाटणी, खत आणि पाणी. मग फूल. दुष्काळी तालुक्यात हे पीक जमलं त्यामागे ठिबक, शेततळी आणि हे पाणी तोडण्याचं गणित आहे. अण्णांनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम पाहिलेला नाही, पण नियमात काय राहिलंय ते त्यांनी बरोबर पकडलं. आमच्या टेस्टिंगवाल्यांना दोन दिवस लागले असते.

पुतण्याने ते मनावर घेतलं. तळं मातीने बुजवलं आणि त्या जागी एकेका ठोकळ्याचे बारा हौद केले, मध्ये भिंती. एक बादली काढली की हौद कोरडा. कुठल्या झाडाला किती बादल्या, याचा कागद त्याने भिंतीवर चिकटवलाय. माइनक्राफ्टमध्ये झाडं पाण्यावाचूनही वाढतात, ते त्याला माहीत आहे. तरी घालतो.

लेकीला अर्थातच हे पटलं नाही. परवा तिने पुण्यातून गुपचूप दोन हौदांमधली भिंत फोडली आणि नियमाप्रमाणे मध्ये तिसरा झरा उगवला.

"बांध फोडला की पानी वाढतंय व्हय?" अण्णा फोनवर हसत होते. "आमच्यात डोकी फुटत्यात."

पुतण्याने भिंत परत घातली आहे. या वेळी ऑब्सिडियनची. ती झटपट फोडायला हिऱ्याची कुदळ लागते, आणि लेक सध्या हिरे शोधतेय.