वाचकाचा तगादा

चि. बेबी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबत जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना पाठवण्याकरिता तू सिद्ध केलेला पत्राचा मसुदा, दोन्ही पावले. माझे मत तू निःसंकोच मागितलेस, म्हणून प्रारंभीच सांगतो की हा मसुदा आहे तसा तू पाठवू नयेस. मात्र त्यामागील व्याकुळता मला समजते आणि तिची अवहेलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांच्या ग्रंथमालेतील ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ हा पाचवा खंड २०११ च्या जुलैत निघाला, ‘द विंड्स ऑफ विंटर’ हा सहावा अद्याप यावयाचा आहे, आणि दरम्यान त्याच कथेवरील दूरचित्रवाणी मालिका २०१९ मध्ये समाप्तही झाली. इतक्या प्रतीक्षेनंतर वाचकाने लेखणी उचलावी हे स्वाभाविकच होय. परंतु मुदत टळली, हप्ता थकला, आता खुलासा करावा, असा जो सूर तुझ्या मसुद्यात लागला आहे, तो सावकाराच्या वसुली कारकुनाला शोभणारा आहे. पुस्तकाची किंमत तू दिलीस, पुस्तक तुझ्या हाती आले, आणि तो व्यवहार तेथेच बेबाक झाला. जे अजून लिहूनच झालेले नाही, त्यावर कोणाचाही बोजा चढवता येत नाही.

तू म्हणशील की वाचकांनी मागितल्यावाचून लेखक पुढचे लिहितात कोठे? यात तथ्य आहे, आणि या विषयातला सर्वांत मोठा दाखला तुझ्याच बाजूचा आहे. १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाल्यावर प्रोफेसर टॉल्किन यांचे मन आपल्या जुन्या पुराणकथा, म्हणजे ‘द सिल्मरिलियन’, छापून याव्यात याकडे ओढ घेत होते. प्रकाशकांना व बालवाचकांना मात्र हॉबिटांचीच आणखी हकीकत हवी होती, आणि त्या आग्रहाखातर त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी नव्या गोष्टीचे पहिले प्रकरण लिहावयास घेतले. मागितली गेली होती मुलांसाठी एक आनंददायी उत्तरकथा. युद्धकाळ, अध्यापन आणि पुनःपुन्हा केलेले पुनर्लेखन यांतून सुमारे बारा वर्षांनी जे पूर्णत्वास गेले ते होते ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, ज्याची कोणीही मागणी केली नव्हती, कारण असे काही मागता येते हेच कोणास ठाऊक नव्हते. वाचकाची मागणी बीज टाकू शकते, हे मी मान्य करतो. पण त्याचे झाड केव्हा व कोणत्या आकाराचे व्हावे, याचा हुकूम तिला सोडता येत नाही.

पुढे १९५४ च्या नोव्हेंबरात त्या ग्रंथाचा दुसरा खंड आला तो कथानायक फ्रोडो शत्रूच्या हाती जिवंत सापडल्याच्या वाक्याशी थांबला, आणि परिशिष्टे लांबल्यामुळे तिसरा खंड यावयास १९५५ चा ऑक्टोबर उजाडला. त्या अकरा महिन्यांत संतप्त पत्रे आलीच. तरीही त्याच वाचकवर्गाने दहा वर्षांनी जे केले ते मला साहित्याच्या इतिहासात फार मोलाचे वाटते. १९६५ मध्ये अमेरिकेतील ‘एस बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने तेथील कायद्यातल्या एका फटीचा आधार घेऊन, लेखकाची संमती न घेता व त्यास मानधनाचा पैसाही न देता, हे तीन खंड प्रत्येकी ७५ सेंटला बाजारात आणले. टॉल्किन कोर्टाची पायरी चढले नाहीत. अमेरिकन वाचकांना ते जी उत्तरे लिहीत त्यांतच या प्रकाराची कैफियत मांडू लागले, आणि वाचकांनी ती गावोगाव, विद्यापीठोविद्यापीठी अशी पोहोचवली, की ९५ सेंटची ‘बॅलंटाइन’ची अधिकृत आवृत्ती महाग असूनही लोक तीच मागू लागले. अखेरीस ‘एस’ने झालेल्या विक्रीवर मानधन देण्याचे व पुनर्मुद्रण न करण्याचे कबूल केले. जे कायद्याने साधले नसते, ते वाचकांच्या निष्ठेने साधले.

त्याच निष्ठेने मात्र त्या वृद्ध गृहस्थाचे घरात राहणे दुष्कर केले, हेही तुला सांगावयास हवे. अमेरिकेतले उत्साही लोक तेथील वेळेप्रमाणे फोन करीत आणि ऑक्सफर्डमध्ये मध्यरात्री घंटा वाजे; अनोळखी माणसे दारात उभी राहत. शेवटी १९६८ मध्ये पतिपत्नी बोर्नमथला राहावयास गेली, ती नवा पत्ता गुप्त ठेवून. पत्रोत्तरांत तास आणि दिवस जात, आणि तरुणपणापासून उराशी धरलेले ‘द सिल्मरिलियन’ २ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचा अंत झाला तेव्हा अपुरेच होते. ते १९७७ मध्ये पुत्र क्रिस्टोफर यांनी संपादून प्रसिद्ध केले.

मग पत्रेच लिहू नयेत काय? असे मी कधीच म्हणणार नाही. जी अंगठी नष्ट करावयाची ती फ्रोडोला शेवटच्या क्षणी टाकवली नाही, तेव्हा त्यास पराभूत समजावे काय, असे एका वाचक बाईने विचारले असता १९६३ मध्ये टॉल्किन यांनी दीर्घ उत्तर लिहावयास घेतले; करुणा आणि मानवी शक्तीची मर्यादा यांविषयीचे त्यांचे सखोल चिंतन आपणास त्या पत्रात लाभते, आणि तो प्रश्न आला नसता तर बहुधा ते लिहिलेच गेले नसते. एका प्रकारचे पत्र लेखकाचा वेळ घेते आणि त्याच्या बदल्यात त्यास विचार देते. दुसरे नुसताच वेळ घेते.

तुझ्या मसुद्यात मार्टिन यांच्या वयाचा जो हिशेब आहे, तो तर तू अवश्य वगळ. कादंबरीकार रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये आपली ग्रंथमाला अपुरी ठेवून गेले, हे खरे. ती पुरी करण्याचे काम पत्नी हॅरिएट यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवले, आणि त्यांचे लक्ष सँडरसनकडे वळले ते त्याने जॉर्डन यांच्या निधनानंतर लिहिलेल्या कृतज्ञतेच्या लेखामुळे, हेही खरे. परंतु जिवंत मनुष्यास त्याच्या मृत्यूची आठवण करून देऊन त्याच्याकडून काव्य काढता येत नाही.

मार्टिन हे स्वतः वाचक म्हणून पत्र लिहिणारे होते, हे तुला ठाऊक असेल. न्यू जर्सीतील बेयॉन गावच्या या शाळकरी मुलाचे पत्र १९६३ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ या चित्रमासिकात छापून आले होते, आणि ते उत्कट प्रशंसेचे होते. वाचकाचा उतावीळपणा काय असतो, हे त्यांना कोणी शिकवावयास नको. २०१६ च्या प्रारंभी ग्रंथ मुदतीत पुरा झाला नाही हे त्यांनी आपण होऊन जाहीर केले, तेव्हा त्या मजकुरात मला तरी टाळाटाळ दिसली नाही. दिसले ते दुःख.

तेव्हा माझे ऐक. मसुद्याची पहिली दोन पाने फाडून टाक. तिसऱ्या पानावर मार्टिन यांच्या कथेतील आर्या स्टार्कविषयी, सूडाच्या मार्गाने चाललेल्या मुलीस परत घरी येता येईल काय, असा जो प्रश्न तू ओझरता विचारला आहेस, तो विस्ताराने, स्वच्छ अक्षरात लिही, उत्तराची अपेक्षा न ठेवता लिही, आणि तेवढाच पाठव.

कळावे. आईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा