उत्तनची नीरा आणि दादाच्या तीन बाटल्या

भाईंदर हे काही प्रवासाला जाण्याचे ठिकाण नव्हे, हे मला मान्य आहे. विरारच्या गाडीत दाराशी उभ्या असलेल्या माणसाला भाईंदर म्हणजे उतरणाऱ्यांचा लोंढा, आणि मग खाडीवरचा पूल, एवढेच ठाऊक असते. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि मिठागरांच्या कडेपर्यंत इमारती येऊन ठेपल्या. परंतु स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची वाट धरली की मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे एकामागून एक येतात, डोंगरी मागे पडते, आणि ताडांच्या शेंड्यांमागे समुद्र दिसू लागतो. या वाटेने मी गेल्या माघात गेलो. गेलो म्हणण्यापेक्षा, मला नेले. कोणी नेले, ते सांगतो.

माझा पुतण्या अमेरिकेत केंटकी संस्थानात लुइव्हिल या शहरी असतो. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, १९७१ साली तिकडे गेले ते तिकडचेच झाले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा दीड वर्षापूर्वी वारला. पुतण्या आला तो एका पिशवीत तीन छोट्या बाटल्या घेऊन. दादाच्या कपाटात त्या सीलबंद सापडल्या होत्या आणि तिन्हींवर दादाच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘भाऊला चव दाखवायची आहे.’ भाऊ म्हणजे मी.

आता मी पट्टीचा पिणारा नाही. सरकारी परवाना खिशात आहे, पण तो बहुधा खिशातच राहतो. मात्र थोरल्या भावाची आज्ञा मोडणे हे त्याच्या हयातीत मी पुष्कळदा केले होते, आता करवेना. रात्री जेवणापूर्वी पुतण्याने स्वयंपाकघरातले तीन लहान पेले मांडले. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पाहिले, देवघराचा पडदा सरकवला आणि चकल्यांचा डबा पुढे ठेवला. संमती यापेक्षा स्पष्ट शब्दांत कधी मिळत नाही.

“काका, ही बर्बन. नुसती व्हिस्की म्हणायचं नाही,” पुतण्याने बजावले. बर्बन म्हणवून घ्यायला तिकडे कडक कायदा आहे. ती अमेरिकेतच झाली पाहिजे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. आणि ती ओकच्या कोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात ठेवली पाहिजे. वरून रंग घालायचा नाही, गोडी घालायची नाही. जो तांबूस रंग दिसतो तो त्या जळक्या लाकडाचा. पिंप एकदाच वापरायचे. मग ते स्कॉटलंडसारख्या देशांत दुसऱ्या दारूसाठी जाते. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठरावच केला, की बर्बन ही आमच्या देशाची खास वस्तू आहे.

पहिली बाटली मेकर्स मार्कची, तोंडाला लाल मेणाची टोपी घातलेली. हिच्यात मक्याच्या जोडीला गहू असतो. मी घोट घेतला. भाजलेल्या कणकेत गूळ मुरवावा तशी चव, आणि घशाखाली उतरताना हलकी ऊब. दुसरी वाइल्ड टर्की, मद्यांश ५०.५ टक्के. हिने जिभेला मिरीचा चटका दिला; पुतण्याने चमचाभर पाणी घातले तेव्हा त्या चटक्यामागून दालचिनी नि जळक्या साखरेचा वास वर आला. तिसरीचे नाव ओल्ड ग्रँड-डॅड, म्हणजे म्हातारे आजोबा. लेबलावर खरोखरच एका म्हाताऱ्याचे चित्र. हिच्यात राय नावाचे धान्य इतरांपेक्षा जास्त, त्यामुळे ही गोडीला आखडती नि तिखट. कडक शिस्तीच्या आजोबांसारखीच म्हणा ना! तिन्हींत मका आहेच, तिन्ही जळक्या ओकमध्ये झोपल्या आहेत. पण जोडीचे धान्य बदलले की स्वभाव बदलतो. मला पहिली आवडली. पुतण्या म्हणाला, “बाबांना तिसरी आवडायची. पण प्रत्येक वेळी घोट घेऊन म्हणायचे, चांगली आहे, पण उत्तनच्या नीरेची सर नाही. काका, ती नीरा मला पाहिजे.”

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

त्याचे असे झाले होते. आमचे वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. १९५५ साली आमचे बिऱ्हाड उत्तनच्या बाजूला होते. दादा अकरा वर्षांचा, मी आठ. मुंबई राज्यात दारूबंदी होती. १९४९ च्या कायद्याने ताडीही गुन्ह्यात मोडे. परवान्याने नीरा तेवढी काढता येई. दादा पहाटे उठून ताडांच्या रांगेकडे पळे आणि झाडावरून उतरणाऱ्या भंडाऱ्याकडून वाटीभर नीरा पिऊन येई. एके दिवशी दुपारी शाळेत त्याच्या दप्तरात औषधाची बाटली सापडली. बूच उडाले तेव्हा वर्गभर आंबूस वास सुटला. मास्तरांच्या मुलाच्या दप्तरात ताडी! वडिलांनी त्याला जे मारले ते मी डोळ्यांनी पाहिले. गोष्ट वरपर्यंत गेली असती तर वडिलांची नोकरी गेली असती. दादा मार खातानाही एकच म्हणत होता, “ती नीरा आहे.” आणि बाटलीची चहाडी केली होती मी.

पुढे आम्ही दोघे म्हातारे झालो तरी दर दिवाळीला अमेरिकेहून फोन यायचा. पहिले वाक्य ठरलेले: “काय रे चहाडखोरा, ती नीराच होती!” मी म्हणायचो, “ताडी होती, दादा.” मग फराळाची चौकशी. असे पन्नास वर्षे चालले. गेल्या दिवाळीला फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रिक्षाने निघालो. अंधारात मिठागरांचे पाणी शिशासारखे दिसत होते. एका थांब्यावरची पाटी वाचून पुतण्या हसला. “काका, राई! म्हणजे इथेही राय आहेच.” चौकाच्या टेकडीवर धारावीचा जुना किल्ला आहे, १७३९ साली वसई पडण्यापूर्वी चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला होता. हे मी त्याला सांगत होतो, पण त्याचे लक्ष ताडांकडे होते. उत्तनला पोहोचलो तेव्हा कोळणी बोंबील वाळत टाकीत होत्या, आणि चर्चच्या बाजूने पहाटेच्या प्रार्थनेला निघालेली माणसे एकमेकांना हात करीत होती.

ज्यांच्याकडे जायचे होते त्यांना सारे गाव मामा म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. स्वतःच्या चौदा झाडांपैकी आता दोनच चढतात. कमरेला सुरा, पाठीशी भोपळा, पायांत दोराचा फास. हा हा म्हणता मामा साठ-सत्तर फूट वर गेले. पुतण्या खाली श्वास रोखून उभा.

उतरल्यावर मामांनी सारे समजावून सांगितले. ताडाच्या कोवळ्या फुलोऱ्याचा शेंडा सुऱ्याने पातळ कापायचा, खाली मडके बांधायचे, रात्रभर थेंब थेंब रस पडतो. दररोज नवा काप द्यावा लागतो, नाहीतर जखम वाळते. नर ताडाचाही रस निघतो, मादीचाही. पण मादी छेदली की तितके ताडगोळे बुडाले. माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. माड बारा महिने देतो, ताड थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. मडक्याला आतून चुना फासला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर हवेतली नि मडक्यातली किण्वे झाडावरच कामाला लागतात, आणि मडके खाली येते तोवर ताडी व्हायला लागलेली असते.

मामांनी आमच्यापुढे तीन पेले ठेवले. काल रात्री पुतण्याने ठेवले होते तसेच, फक्त हे स्टीलचे. पहिल्यात नीरा: थंडगार, ओल्या नारळासारखी गोड, जिभेच्या कडेला चुन्याची किंचित तुरट रेघ. दुसऱ्यात चुन्याविना उतरलेली: गोडी अर्धी, आणि उरलेल्या अर्ध्यात बारीक बुडबुड्यांची चुणचुण. तिसऱ्यात कालच्या सकाळची: पांढुरकी, आंबट, नाकात शिरणारी. आणखी ठेवली तर तिचा सिरका होतो. येथल्या ईस्ट इंडियन घरांत फुगे फुगवायला ताडीच घालीत, नि सिरका मांसाच्या रश्शाला.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आमच्याकडे चव वर्षांनी बदलते, काका. इथे तासांनी.” मला ते पटले. केंटकीच्या बाटलीत चार-सहा उन्हाळे कोंडलेले असतात, ती जगात कुठेही नेता येते. म्हणून तिला कायदा मिळाला, ठराव मिळाला. २०२५ साली आपल्या सरकारने तिच्यावरची आयात जकात दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आणली. ताडाच्या रसाला उत्तनची वेस ओलांडायलाही सवड नसते. त्याच्या वाट्याला कायदा आला तो १८७८ च्या आबकारीचा, झाडागणिक पट्टी घेणारा, मग दारूबंदीचा. शहरात ताडीच्या नावाने जे पांढरे पाणी विकतात त्यात कित्येकदा क्लोरल हायड्रेट नावाचे झोपेचे औषध घातलेले सापडते, नि माणसे दगावतात. तेव्हा वाचकहो, हा लेख वाचून कोणी भलत्या दुकानात जाऊ नये. नीरा प्यायची तर परवान्याची, आणि ज्याच्या झाडाची त्याच्या डोळ्यांदेखत.

“तुमचा मुलगा चढतो का?” पुतण्याने मामांना विचारले.

“तो बँकेत आहे. चढू नको म्हणून मीच सांगितलं. मागल्या साली शेजारचा एक पडला.” मामांनी सुरा पुसून भिंतीला लावला. “माझे गुडघे आहेत तोवर ही दोन झाडं.”

मग मी माझा प्रश्न विचारला. सत्तर वर्षांचा होता, पण विचारताना आवाज लहान मुलासारखा झाला. “मामा, दारूबंदीच्या दिवसांत शाळेतल्या पोरांना तुमचे लोक काय देत? नीरा की ताडी?”

मामा हसले. “माझा बाप द्यायचा. पोरांना चुन्याच्या मडक्यातलीच, गोड. पण एक मास्तरांचा पोरगा होता, तो पिऊन झाल्यावर बाटलीतही मागायचा. बाप म्हणायचा, अरे, ही उन्हात ठेवू नको, चुना कमी पडला तर दुपारपर्यंत उठेल. तो म्हणायचा, धाकट्याला पहाटे जाग येत नाही, त्याच्यासाठी नेतो.”

बाटली कोणासाठी होती, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. मार पडत असताना दादाने एकदाच माझ्याकडे पाहिले होते, पण माझे नाव घेतले नाही. मी वडिलांना ते सांगितले असते तर मार निम्मा झाला असता. माझा निम्मा मला मिळाला असता, म्हणून मी बोललो नाही. पुढे पन्नास दिवाळ्या आम्ही नीरा की ताडी यावर भांडलो, कारण दुसऱ्या गोष्टीवर बोलायचे नव्हते. त्याने ती कधी काढली नाही. मी काढायला हवी होती.

परतताना बसमध्ये मी हे सारे पुतण्याला सांगितले. तो खिडकीबाहेर मिठाचे ढीग पाहत होता. मामांनी दिलेली नीरेची बाटली त्याच्या मांडीवर होती. भाईंदर स्टेशनाशी उतरेपर्यंत ऊन चढले होते. घरी येऊन बूच काढले, तो ‘फस्स’ असा आवाज झाला आणि घरभर तो वास पसरला. सत्तर वर्षांपूर्वीचा वर्ग, वडिलांची छडी, सारे त्या वासात होते.

“मग काका, नीरा की ताडी?” पुतण्याने विचारले.

“त्याने घेतली तेव्हा नीरा होती,” मी म्हणालो. “मी वास घेतला तेव्हा ताडी.”

त्याने दोन पेले काढले. सौभाग्यवतींनी तिसरा आणून ठेवला, आणि तो भरून देवघराशेजारच्या दादाच्या तसबिरीपुढे ठेवला. आंबट झाली होती, तरी आम्ही ती संपवली. केंटकीच्या तिन्ही बाटल्या अजून कपाटात आहेत, थोड्या थोड्या उरलेल्या. त्यांना घाई नाही. पुतण्या या माघात पुन्हा येणार आहे. मामांना मी कळवून ठेवले आहे की पहाटे मीही उठेन.