एका दात्याचा फरक

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या कब्रस्तानात लिंबाखाली एक शहाबादी फरशी उभी आहे. तिच्यावरच्या सालातला तिसरा आकडा मी अकरा वर्षं दोन वाचत आलो. तो तीन आहे.

उर्दू आकड्यांत दोनाला माथ्यावर एक बाक असतो, तिनाला आणखी एक दाता. फरक तेवढाच. काळ्या पाषाणात कोरलेला दाता शतकभर हलत नाही. शहाबादी दगडाचे मात्र पापुद्रे सुटतात. निजामाच्या राज्यात ही फरशी स्वस्त मिळे म्हणून आमच्या भागात कबरींवर तीच बसली. आधी जातो तो दाता, मग नुक्ता, मग बापाचं नाव. या फरशीवर नाव शाबूत होतं, 'वल्द'च्या पुढचा पापुद्रा गेला होता. महिना रजब, म्हणजे साल हिजरी, महसुली फसली नव्हे. तिथं माझी चूक नव्हती. मी वाचलं १३२२.

हिजरी १३२२ च्या रजबात इसवी सन १९०४ चाललं होतं. ज्या घराची वंशावळ काढायचं काम माझ्याकडे होतं, त्या घरच्या जुन्या कागदावर तिथल्या वडीलधाऱ्या चाचांच्या वडिलांचा जन्म १३२० फसली लिहिलेला होता, 'फसली' हा शब्द स्वच्छ. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे १९१०-११. बाप वारल्यावर सहा वर्षांनी मुलगा कसा जन्मेल? चाचा म्हणत होते, "मास्तर, लिंबाखालचेच आमचे आजोबा. अब्बा मला बोटाला धरून तिथंच न्यायचे." मी कागदावर दोन्ही सालं मांडून दाखवल्या आणि सांगितलं की हे तुमचे आजोबा नव्हेत, याच नावाचे कुणी दुसरे. तुमचे ते भिंतीकडचे. भिंतीकडच्या दगडावर तेच नाव होतं, साल नव्हतं.

आता हे लिहितोच आहे, तर पुरतं लिहितो. त्या दिवशी मला आनंद झाला होता. घराघरांतली तोंडी आठवण लेखी पुराव्यानं खोडून काढण्यात मला सुख वाटत आलं आहे. समोरचा म्हातारा गप्प होतो, पोरं माझ्याकडे बघतात, आणि दगडाचं खरं मला एकट्यालाच कळतं असं वाटतं. चाचा गप्प झाले. पुढच्या शबे-बरातला त्यांनी फुलं भिंतीकडे नेली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आपली जागा त्यांनी आधीच सांगून ठेवली होती, भिंतीकडच्या कबरीला लागून.

हिंदू घरांची वंशावळ काढताना हा प्रश्न क्वचितच येतो. देह जाळला, अस्थी गंगेत सोडल्या, की उरते ती नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली एखादी ओळ. लिंगायतांच्या समाध्या असतात, गोसाव्यांच्या असतात. तान्ही लेकरं पुरतात, पण त्यांच्यावर दगड कोण उभा करतो? माझ्या शेकडो वंशावळींत ती लेकरं कुठंच नाहीत. नामदेवांची नर्सी आमच्या जवळच, पण त्यांचाही दगड बघायचा तर पंढरपूरच्या पायरीशी जावं लागतं. त्यामुळे साल कोरलेला दगड दिसला की मला तहानलेल्यासारखं होतं, आणि तहानलेला माणूस पाणी गाळून पीत नाही.

गोऱ्यांची गोष्ट वेगळी. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. असल्या छावण्यांत मेलेल्या गोऱ्यांच्या दगडांवर नाव, हुद्दा, पलटण, वय, तारीख सगळं असतं, आणि निजामाच्या मुलखातल्या अशा थडग्यांवरचा मजकूर ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९४१ साली पुस्तक करून छापला. मला त्या पुस्तकाचा हेवा वाटतो. दगड फुटला तरी ओळ राहिली. पुसेगावच्या, सेनगावच्या कब्रस्तानांची, लिंगायत समाध्यांची तशी यादी कुणी केली नाही. मीही केली नाही. ज्याचं काम आलं त्याचाच दगड वाचला आणि शेजारचा सोडून दिला. शेजारचे सगळे वाचले असते तर त्या नावाची आणखी माणसं, त्यांची सालं, कुणाच्या शेजारी कोण, हे सगळं समोर मांडता आलं असतं, आणि एका दात्यावर एवढा भार पडला नसता.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठा-कुणबी दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधू लागली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्याला अचानक मोल आलं. पंधरा दिवसांत मोडी शिकलेले लोक कोतवाल बुकं वाचू लागले. त्यांतले काही गिऱ्हाइकाला हवं तेच अक्षर काढून देतात. त्यांच्याविषयी मी फार कडक बोललो आहे, आणि ते शब्द मागे घेत नाही. दगडांवर ऑइलपेंट फासून अक्षरं 'उठवणारे' तर त्याहून वाईट. एकदा रंग भरला की मूळ रेघ कुठली आणि रंगवणाऱ्याची कुठली, हे कुणाच्या बापालाही सांगता येत नाही.

त्याच धामधुमीत एक मुलगी माझ्याकडे मोडी शिकायला आली. मोडी आली, मग उर्दू मागितलं. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर दगडाशी तीच बसू लागली. मी सकाळच्या तिरप्या उन्हात वाचत आलो. तिचं म्हणणं, ऊन एकाच बाजूनं येतं, आपण रात्री जाऊ. पौषातल्या एका रात्री गेलो. तिनं बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवली आणि सावकाश फिरवत नेली, उजवीकडून, खालून, मग डावीकडून. तो लिंब पूर्वेला आहे. सकाळचं ऊन त्या आकड्यावर डावीकडून कधी पडलंच नव्हतं. डावीकडून उजेड गेला आणि बाकाच्या पुढं एक बारीक सावली उठली. "गुर्जी, हितं अजून एक दाता हाय." मी म्हणालो, पापुद्रा असेल. ती म्हणाली, पापुद्र्याची कड वाकडीतिकडी जाते, ही छिन्नीची आहे. मी बोट लावलं. छिन्नीचीच होती.

१३३२ चा रजब, म्हणजे १९१४ चा मे-जून. कागदावरचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा.

तीन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही. रोज ते साल मांडून पाहत होतो, हिशोब चुकला असेल या आशेनं. मग चाचांच्या मुलाकडे गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. तो काही बोलला नाही, चपला घालून माझ्याबरोबर निघाला. मुलीनं बॅटरी धरली. तो उकिडवा बसून बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला, एकदा वळून त्यानं भिंतीकडच्या अंधारात पाहिलं. आकड्याविषयी त्यानं काही विचारलं नाही.

"गुर्जी," तो म्हणाला, "वरचं नाव एकदा मोठ्यानं वाचा."

मी वाचलं.