परक्याचं कुलूप

धुळ्याहून आणलेला जुना लॅपटॉप आज जळगावात घरी उघडला. पडद्यावर कुणा अनोळखी माणसाचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. पारोळा, एरंडोल करत मांडीवर जपून आणलेला हा पाहुणा ओळखच दाखवेना.

विकणाऱ्याला फोन केला. "भाऊ, १२३४ टाकून पाहा ना!" टाकलं. मग त्या नावापुढे १२३. मग थांबलो. दुसऱ्याच्या दाराला किल्ल्या लावून बघतोय असं वाटलं.

विंडोजचा पासवर्ड ही तशी वरवरची कडी. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकली की झालं. विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बायोसचा मात्र चिवट. जुन्या डेस्कटॉपमधला नाण्याएवढा सेल काढला की तो बहुधा पुसला जायचा. बऱ्याच लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये बसलेला असतो, सेल काढून उपयोग नाही. माझ्या नशिबी वरवरचीच कडी होती. (नाहीतर पुन्हा धुळं!)

सगळं पुसण्याआधी मात्र हात अडला. आत कुणाच्या लग्नाचे फोटो असतील? पुन्हा फोन लावला, मालकाला काही हवंय का विचारलं. "नको म्हणे, पुसून टाका."

पुसलं. नवा पासवर्ड ठेवला, आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहूनही ठेवला.