भराव

२०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्या चर्चचे पटांगण कोरडे होते. त्याच उन्हाळ्यात आम्ही तेथे मुरुमाचा भराव केला होता. अशा कामास १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये परवानगी लागते, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु ‘फादर, देवाच्या कामाला कसली परवानगी?’ असे कुणी म्हणाले आणि आम्हांस ते सोयीचे वाटले. अर्ज केला असता तर जागेचा नकाशा जोडावा लागला असता, आणि बावखलाकडे जाणारा ओहोळ आम्ही बुजवीत आहोत हे त्यावर दिसले असते. मागच्या वाडीतील वृद्ध मावशी चार दिवस माळ्यावर होत्या. रविवारी त्या मिस्सेला आल्या. नेहमीच्या बाकावर मात्र बसल्या नाहीत. पावसाळा सरताच आम्ही मोरीसाठी रीतसर अर्ज केला. नकाशा दाखवायला प्रथम त्यांच्याच ओटीवर गेलो.